स्टोनहेवन : डनॉटर किल्ल्याच्या पायथ्याचं गाव

खारा वारा

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनमध्ये तेलाच्या कंपन्यांमुळे येऊन राहिलेली आमच्यासारखी बरीच मराठी घरं आहेत. भारतातून कुणी आलं की त्यांना डनॉटरचा किल्ला दाखवायचा, हा जवळपास रिवाजच. गाडी लावायची, कड्यावर उभं राहून फोटो काढायचे, वारा सोसवेना झाला की परत फिरायचं. खाली समुद्राकाठी असलेलं स्टोनहेवन मात्र बघायचं राहून जातं. मला याचं फार वाईट वाटतं. किल्ला सरदारांनी बांधला हे खरं, पण त्याच्या आणि या किनाऱ्याच्या गोष्टी टिकवल्या त्या कोळणींनी, पाद्र्यांच्या बायकांनी आणि गावातल्या साध्या माणसांनी. त्यांच्यासाठी हा धागा.

गाव ॲबरडीनच्या दक्षिणेला साधारण २४ किलोमीटरवर, उत्तर समुद्राच्या एका अर्धगोल उपसागरात आहे. वस्ती अकरा हजारांच्या आसपास. उत्तरेकडून काउई आणि दक्षिणेकडून कॅरन, अशा दोन छोट्या नद्या इथे समुद्राला मिळतात. कॅरनच्या दक्षिणेला बंदराला चिकटून जुनं गाव. उत्तरेला १७९५ नंतर यूरीच्या रॉबर्ट बार्कली या जमीनदाराने आखलेलं नवं गाव, सरळ रस्ते आणि मधे बाजारचौक. स्थानिक लोक प्रेमाने गावाला 'स्टोनी' म्हणतात.

बंदरावरची सगळ्यात जुनी इमारत म्हणजे टोलबूथ. डनॉटरचे मालक असलेल्या कीथ घराण्याने, म्हणजे अर्ल मारिशल यांनी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती कोठार म्हणून बांधली. १६०० साली स्टोनहेवन हे किंकार्डिनशायर या परगण्याचं मुख्य ठिकाण झालं आणि कोठाराचं न्यायालय आणि तुरुंग झालं. जाड दगडी भिंती, लहान खिडक्या. त्यातल्या एका खिडकीची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे.

१७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याचे समर्थक, हरले. एपिस्कोपल या बिशपांना मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक त्यांच्या बाजूचे मानले जात, त्यामुळे त्या पंथावर कडक निर्बंध आले; चार-पाच माणसांपेक्षा जास्त जमवून प्रार्थना घेणं हा गुन्हा ठरला. १७४८-४९ च्या हिवाळ्यात असे तीन धर्मोपदेशक टोलबूथमध्ये डांबले गेले. आता तान्ह्या मुलांचे बाप्तिस्मे कोण करणार? किनाऱ्यावरच्या वाड्यांतल्या कोळणी पाठीवरच्या मासळीच्या टोपलीत बाळ घालून निघत, खडकांवरून वाट काढत इमारतीच्या मागच्या अंगाला येत आणि टोपली खिडकीशी उंच धरत. आतून हात बाहेर येई आणि बाळाच्या कपाळावर पाणी पडे. पुढे या प्रसंगाचं चित्रही काढलं गेलं. थंडी, निसरडे खडक, पाठीवर पोर आणि पकडलं जाण्याची भीती, हे सगळं त्या खिडकीखाली उभं राहिल्यावरच नीट समजतं.

आज तिथे छोटं संग्रहालय आहे आणि ते गावातले स्वयंसेवक चालवतात. इमारत मोडकळीला आली होती, ती दुरुस्त होऊन १९६३ मध्ये राजमातांच्या, म्हणजे एलिझाबेथ राणीच्या आईच्या हस्ते पुन्हा उघडली.

दुर्गवेडा

ताई, सुरेख लिहिलंय. पण किल्ल्याला इतक्या पटकन मागे टाकू नका हो! फोटो पाहून मला विजयदुर्गच आठवला. तीन बाजूंनी समुद्र आणि जमिनीकडून एकच वाट. मुख्य कड्यापासून सुटलेल्या त्या खडकावर जायला आधी खाली उतरायचं आणि मग दरवाजाकडे चढायचं, म्हणजे हल्ला करणारा पूर्ण वेळ वरच्यांच्या माऱ्यात. राजाविरुद्ध लढणाऱ्या इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याने इथे आठ महिने वेढा दिला होता आणि आत स्कॉटलंडचा राजमुकुट होता असं वाचलंय. त्याबद्दल लिहा ना.

खारा वारा

दुर्गवेडा, किल्ला मागे टाकायचा नाहीच, पण त्या वेढ्याच्या गोष्टीतही नायिका किल्ल्याबाहेरचीच आहे.

राजमुकुट, राजदंड आणि तलवार या तिघांना मिळून 'ऑनर्स ऑफ स्कॉटलंड' म्हणतात. राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर इंग्लंडची राजचिन्हं मोडून-वितळवून टाकली होती. स्कॉटलंडच्या लोकांनी १ जानेवारी १६५१ रोजी स्कोन इथे त्याच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, राज्याभिषेक केला. तोवर एडिंबराचा किल्ला क्रॉमवेलच्या ताब्यात गेलेला, त्यामुळे राजचिन्हं तिथे परत नेता येईनात. म्हणून ती डनॉटरला पाठवली. अर्ल मारिशल स्वतः इंग्रजांच्या हाती लागून लंडनच्या टॉवरमध्ये कैद झाले. किल्ला सांभाळत होते जॉर्ज ओगिल्वी, मूठभर शिबंदीनिशी.

वेढा सप्टेंबर १६५१ मध्ये पडला. जड तोफा येईपर्यंत इंग्रजांना काही करता येत नव्हतं, पण त्या एक दिवस येणार हे आतल्यांना माहीत होतं. किल्ल्याच्या दक्षिणेला काही मैलांवर किनेफ नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पाद्र्यांची, जेम्स ग्रेंजर यांची, पत्नी क्रिस्टियन फ्लेचर. ओगिल्वींच्या पत्नीला भेटण्याच्या निमित्ताने ती वेढ्यातून आत गेली आणि राजचिन्हं घेऊन बाहेर आली. मुकुट कपड्यांत दडवलेला, तलवार आणि राजदंड जवसाच्या वाखाच्या गठ्ठ्यात. इंग्रज सेनापतीने तिला अदबीने घोड्यावर बसायला मदत केली, असं इथे सांगतात.

किनेफच्या चर्चमध्ये फरशी उचलून ती पुरली. मे १६५२ मध्ये तोफा आल्या, दहा दिवस मारा झाला, २४ मेला किल्ला पडला, आणि इंग्रजांना आत राजचिन्हं सापडली नाहीत. ओगिल्वी पती-पत्नीला कैदेत टाकून खूप छळलं, पण कुणी तोंड उघडलं नाही. आठ वर्षं ती त्या जमिनीखाली होती. ग्रेंजर दांपत्य अधूनमधून रात्री ती उकरून काढायचं, शेकोटीपुढे सुकवायचं आणि नव्या कापडात गुंडाळून पुन्हा पुरायचं. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात थोर वाटतो. एका रात्रीचं धाडस एक वेळ होऊन जातं, पण आठ वर्षं रोज त्याच फरशीवरून चालत प्रार्थनेला जायचं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही!

राजाची महत्त्वाची कागदपत्रंही आत होती. ती ॲन लिंडसे या नातेवाईक मुलीने कमरपट्ट्यात शिवून बाहेर काढली. तिचं नाव तर आणखी कमी लोकांना माहीत असतं.

किनारपट्टी

मी डंडीला असते. आमच्याकडे ही गोष्ट वेगळी ऐकली आहे. राजचिन्हं म्हणे कड्यावरून दोरीने समुद्राच्या बाजूला खाली सोडली. तिथे एक मोलकरीण बरेच दिवस शेवाळ गोळा करण्याच्या निमित्ताने यायची, पहारेकऱ्यांना तिची सवय झाली होती. तिने ती टोपलीत घालून वर शेवाळ पसरलं आणि सरळ चालत किनेफला नेली. मला ही जास्त पटते. वेढ्यातल्या किल्ल्यातून बाहेर पडणाऱ्या बाईची झडती घेतली नसेल का?

खारा वारा

किनारपट्टी, दोन्ही गोष्टी जुन्याच आहेत आणि त्यामागे चांगलंच भांडण आहे. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स परदेशातून परतला आणि श्रेय कुणाचं यावर वाद पेटला. ओगिल्वी म्हणाले आम्ही वाचवलं, कीथ घराण्याने आपला हक्क सांगितला, ग्रेंजर दांपत्य एकीकडे. अर्लच्या धाकट्या भावाला, जॉन कीथला, मोठा मान मिळाला. पुढे तो अर्ल ऑफ किंटोर झाला. वेढ्याच्या वेळी तो देशातही नव्हता, हे ओगिल्वींच्या बाजूचे लोक पुढे अनेक वर्षं बोलून दाखवत होते. बडी घराणी आपापल्या सोयीची हकिकत सांगत राहिली, त्यामुळे तपशील वेगवेगळे झाले.

दोन गोष्टी मात्र कागदावर पक्क्या आहेत. ३१ मार्च १६५२ रोजी ग्रेंजर यांनी अर्लच्या आईला लिहून दिलेली चिठ्ठी : मुकुट आणि राजदंड व्यासपीठासमोरच्या फरशीखाली, तलवार चर्चच्या पश्चिम टोकाला. आणि १६६१ मध्ये स्कॉटिश संसदेने क्रिस्टियन फ्लेचरच्या नावाने मंजूर केलेलं २००० मर्कचं (मर्क म्हणजे जुनं स्कॉटिश नाणं) इनाम. खुद्द संसदेने एका पाद्र्याच्या बायकोला नावानिशी श्रेय द्यावं, हे त्या काळात सोपं नव्हतं. म्हणून माझा कौल तिला. शेवाळ गोळा करणाऱ्या मुलीची गोष्ट खरी असेल तर तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही याची हळहळ वाटते.

पुढचंही सांगते. १७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड एक झाले तेव्हा राजचिन्हं एडिंबरा किल्ल्यात पेटीत कुलूपबंद केली. लोक विसरूनही गेले. १८१८ मध्ये कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने पेटी उघडली तेव्हा ती जशीच्या तशी मिळाली. सप्टेंबर २०२२ मध्ये एलिझाबेथ राणीची शवपेटी एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ठेवली होती, तिच्यावरचा मुकुट तो हाच. टीव्हीवर बघताना मला किनेफची ती फरशी दिसत होती.

दुर्गवेडा

क्या बात है! आठ वर्षं सुकवून पुन्हा पुरणं हे माहीतच नव्हतं. आणखी एक : स्कॉटिश स्वातंत्र्यवीर विल्यम वॉलेसने १२९७ मध्ये इथे ४००० इंग्रज चर्चमध्ये कोंडून जाळले असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं आहे का?

खारा वारा

तो आकडा 'ब्लाइंड हॅरी' या कवीच्या काव्यातला आहे, आणि ते काव्य घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी रचलेलं. त्या खडकाचा आकार पाहिलात तर ४००० माणसं तिथे मावणार नाहीत हे दिसतंच. वॉलेसने किल्ला घेतला असं परंपरा सांगते, तेवढ्यावर थांबावं.

शेवंती

मागच्या उन्हाळ्यात आम्ही डनॉटरला गेलो होतो. तिथे एक लांबट, अंधारी खोली आहे, 'व्हिग्ज व्हॉल्ट'. माहितीफलक वाचल्यावर माझ्या मुलीला तिथे थांबवेना. ताई, तुम्ही त्याबद्दल लिहाल असं वाटलं होतं, पण मीच लिहिते.

१६८५ मध्ये १६७ कव्हेनंटरांना, म्हणजे चर्चवर राजाची सत्ता न मानणाऱ्या स्कॉटिश प्रोटेस्टंटांना, तिथे कोंडलं होतं. १२२ पुरुष आणि ४५ बायका. गुन्हा इतकाच, की धर्माच्या बाबतीत राजा सर्वोच्च आहे अशी शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला. उन्हाळ्याचे दिवस, पाऊल बुडेल इतका चिखल, समुद्राकडे एक खिडकी. काहींनी त्या खिडकीतून बाहेर पडून कड्यावरून उतरायचा प्रयत्न केला. काही पडून मेले, बरेच पकडले गेले आणि त्यांचे हाल झाले. जे उरले आणि तरीही शपथ घेईनात त्यांना जहाजात भरून अमेरिकेकडे पाठवलं, त्यातले कितीतरी वाटेतच तापाने गेले.

आम्ही त्या खिडकीतून खाली पाहिलं. खाली नुसता कडा आणि पांढरा फेस. माणूस त्या खिडकीतून बाहेर पडायला कधी तयार होईल, हा विचार डोक्यातून जात नाही.

खारा वारा

शेवंती, बरं झालं तुम्ही लिहिलंत. याला जोडून एक जागा सुचवते. डनॉटरच्या जुन्या चर्चच्या आवारात, गावापासून जवळच झाडीत, तिथे मेलेल्या कव्हेनंटरांचा दगड आहे. रॉबर्ट पॅटरसन नावाचा एक म्हातारा पाथरवट घोड्यावरून स्कॉटलंडभर फिरून अशा दगडांवरची पुसट झालेली अक्षरं पुन्हा कोरायचा. पैसे घेत नसे. १७९३ च्या सुमारास याच आवारात हे काम करताना तरुण वॉल्टर स्कॉट यांची त्याच्याशी भेट झाली, आणि पुढे स्कॉट यांनी त्याच्यावरून एक पात्र उभं केलं. आज ती नावं वाचता येतात ती अशा माणसांमुळे.

चहाटपरी

मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून एका माणसाचं नाव यायलाच हवं : रॉबर्ट विल्यम थॉमसन. जन्म १८२२, स्टोनहेवनच्या बाजारचौकातला. हवा भरलेलं टायर म्हटलं की सगळे डनलॉप म्हणतात. डनलॉपने ते केलं १८८८ मध्ये. थॉमसनने पेटंट घेतलं १८४५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी!

रबराचा लेप दिलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचं कवच, आत हवा. 'हवाई चाकं' म्हणायचे त्याला. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना लावून दाखवली, तेव्हा गाडीचा आवाज जवळपास नाहीसा झाला आणि ओढायला जोरही कमी लागला. एका संचाने १२०० मैल काढले. मग चाललं का नाही? सायकल आणि मोटार यायच्या होत्या, चांगलं पातळ रबर मिळत नव्हतं आणि हाताने शिवलेलं ते चाक परवडत नव्हतं. पुढे डनलॉपचं पेटंट रद्द झालं ते थॉमसनचं आधीचं पेटंट सापडल्यामुळे.

आणि आपल्याकडचा धागा. १८६७ मध्ये थॉमसनने भरीव रबराची जाड टायरं लावलेलं वाफेचं रस्ता-इंजिन केलं. लोखंडी चाकं रस्ता उखडायची, ही रबरी चाकं रस्त्यावर मऊ चालायची. आर. ई. बी. क्रॉम्प्टन हा तरुण लष्करी अधिकारी तेव्हा भारतात होता. बैलगाडीच्या डाकेपेक्षा जलद काही हवं म्हणून त्याने सरकारला पटवून ही इंजिनं मागवली. 'चिनाब' आणि 'रावी' अशी पंजाबातल्या नद्यांची नावं दिलेली. 'रावी' तर भारतात येण्याआधी १८७१ मध्ये इप्सविचहून एडिंबरापर्यंत आणि परत रस्त्याने चालवून दाखवली. पुढे हा क्रॉम्प्टन विजेच्या क्षेत्रात गेला. आपल्या घरातल्या पंख्यांवरचं नाव त्याचंच.

डेक्कन क्वीन

काय भारी माहिती! क्रॉम्प्टनचा पंखा वर फिरतोय आणि मी हे वाचतेय. आम्ही जूनमध्ये भावाकडे ॲबरडीनला येणार आहोत. मुलं सात आणि अकरा वर्षांची. इतिहास त्यांना किती झेपेल शंका आहे. त्यांच्यासाठी काय? आणि तो मार्स चॉकलेट तळण्याचा प्रकार इथलाच ना?

खारा वारा

डेक्कन क्वीन, जून म्हणजे उत्तम. मुलांसाठी पहिली जागा खुला जलतरण तलाव. २ जून १९३४ ला सुरू झाला. लांबी ५० मीटर, पाणी समुद्राचंच, गाळून २९ अंशांपर्यंत गरम केलेलं. बाहेर स्वेटर घालावा अशी हवा आणि पाण्यातून वाफा येतायत, असं दृश्य असतं. उन्हाळ्यात काही बुधवारी मध्यरात्री पोहायलाही उघडा असतो. १९९० च्या दशकात तो बंद पडायच्या बेतात होता. गावकऱ्यांनी 'तलावाचे मित्र' म्हणून संघटना उभी केली, स्वतः रंगकाम-दुरुस्ती केली, पैसे जमवले आणि तो वाचवला. आजही हंगामाआधी लोक ब्रश घेऊन येतात.

दुसरी जागा काउईचा किनारा, गावाच्या उत्तर टोकाला. तिथल्या खडकात ॲबरडीनच्या एका बसचालकाला, ज्याला जीवाश्मांचा छंद होता, जेमतेम एक सेंटिमीटरचा, सहस्रपाद किड्याचा (मिलिपीड) तुकडा सापडला. त्याच्या अंगावर श्वसनाची छिद्रं होती, म्हणजे तो जमिनीवर हवेत श्वास घेत होता. शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्या चालकाच्या आडनावावरून नाव दिलं : न्यूमोडेस्मस न्यूमानी. वय ४१ ते ४३ कोटी वर्षं. नेमक्या वयावर अजून वाद आहे, पण हवेत श्वास घेणाऱ्या सगळ्यात जुन्या ज्ञात प्राण्यांपैकी तो एक आहे. अकरा वर्षांच्या मुलाला हे नक्की आवडेल. तिथून थोडं पुढे गॅरन पॉइंटजवळ हायलँड बाउंड्री फॉल्ट हा मोठा भूस्तरभंग समुद्रात उतरतो. दोन्ही बाजूंचे खडक वेगळे दिसतात ते मुलांना दाखवा. फक्त खडक फोडू देऊ नका.

तळलेला मार्स बार इथलाच, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, गावातल्या एका फिश अँड चिप्सच्या दुकानातला. एकात चौघांनी वाटून घ्या. माझं ऐकाल तर त्याऐवजी हॅडॉक मासा आणि चिप्स घेऊन किनाऱ्यावरच्या लाकडी फरसबंदीवर बसा.

किनारपट्टी

युद्धस्मारक राहिलं! गाव आणि किल्ला यांच्या मधल्या ब्लॅक हिलवर. लांबून वाटतं एखादं ग्रीक मंदिर अर्धवट पडलंय. ते मुद्दाम तसंच बांधलंय. जॉन एलिस या स्थानिक वास्तुविशारदाने १९२० च्या दशकात भग्न मंदिराचं रूप दिलं, कारण पहिल्या महायुद्धात गेलेल्या मुलांची आयुष्यं अशीच अपुरी राहिली. वरच्या तुळयांवर सोम, गॅलिपोली, जटलंड अशी लढायांची नावं आहेत. आत उभं राहिलं की एका बाजूला गाव आणि बंदर, दुसऱ्या बाजूला डनॉटर. मला सबंध परिसरात ही जागा सगळ्यात आवडते. बंदरातून वर चढत किल्ल्याकडे चालत जाणारी वाट इथूनच जाते, त्यामुळे गाडीने गेलात तर हेही हुकणार.

खारा वारा

अगदी बरोबर, आणि म्हणूनच मी सगळ्यांना चालत जायला सांगते. सुरुवात बंदरातूनच करा. आजचं बंदर बेल रॉक दीपगृह बांधणाऱ्या रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी १८२० च्या दशकात सुधारलं, हेरिंग मासळीच्या भरभराटीसाठी. आता मासेमारी थोडीच उरली आहे, खेकडे आणि लॉब्स्टरचे पिंजरे धक्क्यावर रचलेले दिसतात.

शेवंती

ताई, ३१ डिसेंबरच्या आगीच्या गोळ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही! आम्हाला या वर्षी यायचंय.

खारा वारा

शेवंती, ते सांगितल्याशिवाय धागा पुरा होणारच नाही. जुन्या गावातल्या हाय स्ट्रीटवर मध्यरात्री बाराच्या ठोक्याला चाळीसेक माणसं, बाया आणि पुरुष, पेटलेले गोळे डोक्याभोवती फिरवत चालत येतात. गोळा म्हणजे तारेच्या जाळीचा पिंजरा. त्यात चिंध्या, लाकूड, कोळसा, पाइनची बोंडं, ज्याचं त्याचं घराण्याचं मिश्रण, आणि वर रॉकेल. हातभर किंवा त्याहून लांब तारेला मूठ. गोळे बनवण्याचं काम आधीपासून घराघरांत चालतं आणि पिंजरा कसा विणायचा हे आजोबा नातवंडांना शिकवतात. पुढे बॅगपाइप आणि ढोल. गोळा जोरात फिरला की घुमल्यासारखा आवाज येतो, तो कोणत्याच व्हिडिओत नीट उमटत नाही. शेवटी सगळे बंदरावर जातात आणि गोळे पाण्यात फेकतात. सरत्या वर्षातलं वाईट जाळून टाकायचं, अशी समजूत. शंभर वर्षांहून जुनी ही प्रथा गावकरीच चालवतात, आणि गोळे फिरवणारे लोक या भागातलेच असतात.

काही गोष्टी लक्षात ठेवा. रस्ता अरुंद आणि गर्दी हजारोंची, त्यामुळे दहाच्या सुमारास जागा धरा. ठिणग्या उडतात, तेव्हा नायलॉनचं जाकीट नको, लोकरीचं घाला. लहान मुलं अगदी पुढे नकोत. रात्री परतीच्या गाडीच्या भरवशावर राहू नका; १ जानेवारीला स्कॉटलंडमध्ये रेल्वे जवळपास नसतेच. राहायची सोय आधी करा किंवा ॲबरडीनहून कुणी न पिणारा गाडी आणेल असं बघा. कॅरन नदीला २००९ आणि २०१२ मध्ये मोठे पूर आले होते, त्यानंतर काठाला नव्या भिंती बांधल्या आहेत, पण वादळाचा इशारा असेल तर निघण्याआधी बातम्या पाहा. दुसऱ्या दिवशी किल्ला करायचा बेत असेल तर तो उघडा आहे का हे आधी तपासा. जोराच्या वाऱ्यात आणि बर्फात पायऱ्या बंद ठेवतात. टोलबूथचं संग्रहालयही हिवाळ्यात रोज उघडं नसतं, पण खिडकी बाहेरूनही दिसते.